टिपणीसकाकांचं संमेलन

टिपणीसकाकांनी पहिल्या भेटीत माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या 'श्री'कडे पाहिलं. जपानमधल्या इचिकावातल्या मराठी मंडळींचा गणपती त्या वर्षी नगरपालिकेच्या एका छोट्या सभागृहात बसणार होता. लग्न करून पुण्याहून येऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा, डिपेंडंट व्हिसा आणि दिवसभर रिकामं घर, एवढं माझ्याकडे होतं. त्यामुळे मागचा पडदा रंगवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी जमिनीवर बसून 'श्री गणेशाय नमः' रंगवत होते, तेव्हा टाय लावलेले एक उंच, थोडे वाकलेले गृहस्थ माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि त्या अक्षरांकडे बघत राहिले.

"तुझा 'श्री' गुदमरतोय," शेवटी ते म्हणाले. "वेलांटीला जागा दे. अक्षरालाही श्वास घ्यावा लागतो."

मी थोड्या रागानंच ब्रश त्यांच्यापुढे केला. ते गुडघ्यांवर हात टेकत सावकाश खाली बसले, टाय खांद्यावर टाकला, आणि दोन फटकाऱ्यांत ती वेलांटी अशी उचलली की सगळी ओळ मोकळी झाली. त्यांचा उजवा हात तेव्हाही थरथरायचा. ब्रश कापडाला टेकला की मात्र थरथर थांबायची. उठताना त्यांनी माझं नाव विचारलं.

ते अजितदादांचे वडील, हे मला नंतर कळलं. अजित टिपणीस कावासाकीतल्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते आणि माझा नवरा निखिल त्यांच्याच टीममध्ये होता. ऑफिसात सगळे त्यांना जपानी रीतीनं, आदरानं, टिपणीस-सान म्हणत. चाळिशीतला, कमी बोलणारा, कुणाच्याही अडचणीला धावून जाणारा माणूस. आम्हाला घर मिळवून देताना हमी त्यांनीच दिली होती. आई लहानपणीच गेलेली. वडील सांगलीत एकटे राहायचे आणि व्हिसा मिळेल तसे तीन-तीन महिन्यांसाठी इकडे यायचे. तसे ते तीनदा आले. माझी आणि त्यांची ओळख त्या नऊ महिन्यांची.

काका आले की अजितदादांच्या घरावर अक्षरं उगवायची. चहा, साखर, मेतकूट अशा डब्यांवर तर होतीच, पण कचऱ्याच्या पिशव्यांवरसुद्धा त्यांनी 'जळणारा', 'न जळणारा', 'बाटल्या' अशा सुरेख चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. घरातल्या दोघांना त्या वाचता यायच्या. त्यांची नात रेवा आठ वर्षांची होती, तिला देवनागरी येत नव्हती. आजोबांनी मराठीत काही विचारलं की ती जपानीत उत्तर द्यायची, आणि काका गंभीरपणे मान डोलवायचे. "समजलं नाही," ते मला म्हणाले होते, "पण उच्चार स्वच्छ आहेत तिचे."

बाहेर पडलो की ते दुकानांच्या पाट्या बघत चालायचे. जपानी एक अक्षर येत नव्हतं, तरी कुठली पाटी हातानं रंगवलेली आणि कुठली मशीननं कापलेली, हे रस्त्याच्या पलीकडून सांगायचे. स्टेशनजवळ सोबा नूडल्सचं एक दुकान होतं. त्याच्या पाटीपुढे ते दरवेळी थांबायचे आणि म्हणायचे, "ह्या माणसाला भेटायला पाहिजे." तो माणूस म्हणजे दुकानदार नव्हे, पाटी रंगवणारा. आमच्या इमारतीतल्या बायका मला हसून विचारायच्या, "आज काकांनी काय वाचलं?"

अक्षर हा त्यांचा धंदाच होता. तरुणपणी मिरजेत एका पेंटरच्या हाताखाली ते पाट्या रंगवायला शिकले. मग मुंबईत थोडं शिक्षण झालं, आणि एका मित्राच्या शब्दावर, बायको आणि वर्षाचा मुलगा सांगलीला मेहुण्याकडे ठेवून, ते लंडनला गेले. तिथे मुलांसाठी निघणाऱ्या चित्रकथांच्या साप्ताहिकांत त्यांना काम मिळालं. चित्रकाराकडून पानं यायची, त्यात माणसांच्या तोंडाजवळचे फुगे रिकामे असायचे. लेखकानं टाइप करून दिलेले संवाद त्या फुग्यांत हातानं लिहायचे, एवढंच यांचं काम. तेच त्यांनी आठ वर्षं केलं.

"चित्रं ते काढायचे, वाचायला लावायचं काम माझं," असं ते म्हणायचे. आणि लगेच, "नाव मात्र कुणाचंच नसायचं. ना त्यांचं, ना माझं. कुणी केलंय ते वाचणाऱ्याला कळूच नये अशी पद्धत होती. आपण भिंतीआड बसून बोलतोय असं वाटायचं."

मी स्वतः तेव्हा लपूनछपून छोट्या चित्रकथा काढत होते. नवीन गावात आलेली, भाषा न येणारी एक बाई, असल्या. एकदा धीर करून त्यांना दाखवल्या. त्यांनी सगळी पानं वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चित्रं चांगली आहेत. बाईचं बोलणं वाचवत नाही." मग रोज अकरा वाजता, घरं रिकामी झाली की, मी त्यांच्याकडे जाऊन अक्षर गिरवायला लागले. पत्र्याच्या एका डबीत त्यांचे जुने टाक होते. शिकवताना मध्येच हात थांबायचा, आणि संमेलनाची गोष्ट सुरू व्हायची.

संमेलन हा त्यांचा शब्द. इंग्लंडात चित्रकथांचे चाहते पहिल्यांदा एकत्र जमायला लागले, तो काळ. आज अशा मेळाव्यांना हजारो माणसं जातात. तेव्हा बर्मिंगहॅममधल्या एका जुनाट हॉटेलात साठ-सत्तर माणसं यायची. बाहेर पाऊस, आत ओलसर गालिचे, टेबलांवर जुन्या अंकांची खोकी, आणि नेमका व्याख्यानाच्या वेळी बंद पडणारा प्रोजेक्टर. एक चित्रकार बोलायला उभा राहिला तो आधी पाच मिनिटं घशाखाली पाणीच उतरवत होता, कारण आपलं काम कुणी ओळखतं हेच त्याला माहीत नव्हतं. काका पहिल्या वर्षी सहज म्हणून गेले. दाराशी नावांचे बिल्ले एक मुलगी वेडंवाकडं लिहीत होती. ते यांना बघवेना. यांनी पेन घेतलं आणि सगळ्यांचे बिल्ले लिहिले.

"आणि तुमचा?"

"माझी वेळ आली तेव्हा कार्डं संपली." हे सांगताना त्यांना दरवेळी हसू यायचं. "दोन दिवस मी बिनबिल्ल्याचा हिंडलो."

पण त्यांची लाडकी गोष्ट नंतरच्या एका संमेलनाची होती, ते गेले त्यांतल्या शेवटच्या. तिथे एक पोस्टमन आला होता. काखेत जाडजूड वही. त्यात त्यानं पाच वर्षांतली पानं कापून चिकटवली होती, आणि ती चित्रकारांप्रमाणे नव्हे, अक्षरांप्रमाणे लावली होती. हा शेपटीवाला आर काढणारा, हा घाई करणारा, हा फुगा सोडून बाहेर जाणारा. टपाल वाटून वाटून त्याला हस्ताक्षरांचा नाद लागला होता. काकांनी कुणालातरी कागदावर पत्ता लिहून दिला, तो कागद पाहून पोस्टमननं वही उघडली, एका पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तुम्हीच ना?"

"पंचवीस पानं होती माझी," काका म्हणायचे. "आठ वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी ओळखलं. त्यानं माझी सही मागितली. सही करायची सवयच नव्हती, मी फुग्यातल्यासारखं नाव लिहून दिलं."

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन कोण जाणे. मला ती दरवेळी आवडायची. एकटेपणात अशी एखादी गोष्ट माणसाला पुरते.

त्या पहिल्या मुक्कामातच मी त्यांना कावासाकीला घेऊन गेले. स्वतःच्या चित्रकथा स्वतःच छापून विकणाऱ्या लोकांची तिथे एका सभागृहात जत्रा भरायची. मोठी नव्हे, शंभरेक टेबलं. मी अर्धं टेबल घेतलं होतं आणि कोनबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातल्या, झेरॉक्स मशीनवर काढलेल्या माझ्या वीस प्रती घेऊन गेले होते. काका इस्त्रीचा शर्ट, टाय आणि कोट घालून आले. दारातून आत पाऊल टाकलं आणि थांबलेच. घडीच्या खुर्च्या, खोक्यांतून निघणारे अंक, एकमेकांची पानं उलटून बघणारी माणसं, शाईचा वास. त्यांनी माझं मनगट धरलं.

"हेच," ते म्हणाले. "असंच होतं."

शेजारच्या टेबलावर मोरिता-सान नावाची मध्यमवयीन नर्स होती. ती आपल्या इस्पितळातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी काढायची. काका तिचा अंक हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या मोडक्यातोडक्या जपानीतून तिला सांगितलं, की तुमचे म्हातारे हळू बोलतात, ते अक्षरांवरून कळतं. तिनं उभं राहून इतकं खाली वाकून नमस्कार केला की काका गांगरले आणि तेही उभे राहून वाकले. त्या दिवशी माझ्या चार प्रती गेल्या. परतीच्या गाडीत उभ्यानं येताना काका म्हणाले, "आता दरवर्षी येऊ."

पुढच्या वसंतात ते परत आले, तेव्हा त्यांच्या हाताची थरथर वाढली होती. चहाचा कप आता डाव्या हातात धरायचे. एका रविवारी दुपारी वैशालीनं, म्हणजे अजितदादांच्या बायकोनं, आम्हाला जेवायला बोलावलं. जेवताना रेवा शाळेतल्या एका कॉमिकबद्दल बोलत होती, त्यावरून मला हुरूप आला. मी म्हटलं, "अजितदादा, काकांची पोस्टमनची गोष्ट म्हणजे खरंच चित्रकथाच आहे. तुम्ही तर लहानपणापासून ऐकली असेल."

अजितदादांनी घास खाली ठेवला. काका ताटाकडे बघत होते.

"मी नाही ऐकली," अजितदादा म्हणाले. ते उठले, हात धुतले, आणि चपला घालून बाहेर निघून गेले. वैशालीनं मला वाढायला आमटीचं भांडं उचललं आणि तसंच परत ठेवलं. काकांनी भात संपवला. एक शीतही टाकलं नाही.

दुसऱ्या शनिवारी सकाळी अजितदादा आमच्या दाराशी आले. मी त्या दिवशी डबा तिथेच विसरले होते, तो परत द्यायला. निखिल बाहेर गेला होता. मी आत बोलावलं, पण ते दारातच उभे राहिले.

"त्या दिवशी मी असं उठायला नको होतं," ते म्हणाले. "तुमची काही चूक नव्हती."

"मला माहीत नव्हतं दादा, की..."

"त्यांनी तुम्हाला ते संमेलन कधी झालं ते सांगितलं?"

"नाही."

"मी सांगतो. आईला कावीळ झाली होती, ती बळावली. मामानं गुरुवारी तार केली, ताबडतोब निघा म्हणून. आई रविवारी दुपारी गेली. बाबा पाचव्या दिवशी आले. शुक्रवार ते रविवार ते बर्मिंगहॅमला होते. तार घरमालकिणीकडे पडून होती, तिनं सोमवारी दिली. तुमचा तो पोस्टमन त्यातल्या शनिवारी भेटला."

त्यांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मी नऊ वर्षांचा होतो. मला वर्षाचा टाकून गेलेला माणूस. तोंड मी फोटोत बघितलेलं. आले ते टाय लावून आले. मामानं मला पुढे ढकललं आणि म्हणाला, हे तुझे बाबा." ते थोडा वेळ जिन्याकडे बघत राहिले. "पुढे सगळं केलं त्यांनी, ते नाही म्हणत नाही. परत गेले नाहीत. सांगलीत पाट्या रंगवल्या, लग्नपत्रिका लिहिल्या, माझे डबे भरले, मला इंजिनिअर केलं. दुसरं लग्न केलं नाही. तार उशिरा मिळाली हा त्यांचा दोष नाही, हे मी स्वतःला समजावलंय. पण ते दोन दिवस त्यांच्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस असावेत, हे मला ऐकवत नाही."

डबा माझ्या हातात देऊन ते गेले. तो घासूनपुसून लख्ख केलेला होता.

मी काकांना काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर अकरा वाजता जाणंही कमी केलं. कधी गेले तर ते गोष्ट सुरू करायचे, आणि मी काहीतरी निमित्त काढून उठायचे. त्यांच्या लक्षात आलं असणार. त्या मुक्कामाच्या अखेरीस त्यांनी ती गोष्ट सांगणं थांबवलं.

तिसऱ्यांदा ते शरद ऋतूत आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतःच आमच्या घरी आले, काठी टेकत. "अनघा, एक काम आहे," ते म्हणाले. "तू चित्रं काढ, अक्षरं मी लिहीन. दहा पानं. मराठीत. आयुष्यभर इंग्रजी लिहिलं, तेही दुसऱ्याचं."

"कशाची गोष्ट?"

"संमेलनाची."

ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अजितनं तुला सांगितलंय. तुझ्या वागण्यावरून कळलं मला. त्यानं सांगितलं ते त्याला माहीत आहे तेवढं."

मग त्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी माणसाबद्दल सांगावं तशा आवाजात सांगितलं. तार घरमालकिणीकडे पडून नव्हती. शुक्रवारी सकाळी ते पिशवी घेऊन घराबाहेर पडत होते, तेव्हा तारवाला फाटकातच भेटला. त्यांनी सही करून तार घेतली. वर्षभरापूर्वी अशीच एक तार आली होती. तेव्हा कुसुमताई, त्यांची पत्नी, सांगलीत तापानं आजारी होत्या, आणि हे निघायची तयारी करेपर्यंत बरं असल्याची दुसरी तार आली होती.

"तसंच असेल असं वाटलं तुम्हाला," मी म्हटलं. मला ते हवं होतं.

"नाही," काका म्हणाले. "तसं वाटलं असतं तर उघडली असती. मी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. उघडली असती तर जावं लागलं असतं. मला तिथे जायचं होतं. दोन दिवस फक्त. रविवारी संध्याकाळी आगगाडीत बसल्यावर उघडली."

"म्हणजे पोस्टमन भेटला तेव्हा..."

"खिशात होती. त्याला सही द्यायला पेन काढलं तेव्हा हाताला लागली."

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"घरमालकिणीचं मी रचलं," ते म्हणाले. "विमानात. एका नऊ वर्षांच्या मुलाला काय सांगणार होतो? मग ते तसंच राहिलं. तोंडानं मला आता सांगता येत नाही. दोनदा प्रयत्न केला. लिहून सांगीन."

"पण मग ती गोष्ट तुम्ही इतक्या आनंदानं का सांगता काका?" मला राहवलं नाही.

"तो आनंद खराच होता गं," ते म्हणाले. "त्यालाच मी सगळं दिलं. तो खोटा म्हटला तर मग कशासाठी दिलं?"

दोन महिने आम्ही त्या दहा पानांवर बसलो. हॉटेल, पाऊस, बिल्ले, पोस्टमनची वही, हे सगळं ते मला बारकाव्यानं सांगायचे. पोस्टमनच्या कोटाला किती बटणं, वहीचा पुठ्ठा कुठल्या रंगाचा, सगळं. नवव्या पानावर सांगलीतलं घर होतं आणि अंथरुणावर कुसुमताई. मी विचारलं, "त्या दिसायला कशा होत्या?"

काका विचार करत राहिले. "गोरी होती," ते म्हणाले. "नाक... साधं होतं. तू काढ तुला वाटेल तसं." आणि मग खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांच्याकडे फोटोही नव्हता. असलेला एकुलता एक फोटो अजितदादांकडे होता, आणि तो ते मागू शकत नव्हते.

अक्षरांचे हाल बघवत नव्हते. आता टाक कागदाला टेकला तरी थरथर थांबत नसे. एकेका फुग्याला सकाळ जायची. मी एकदा म्हटलं, मी लिहू का, तर म्हणाले, "बाकी सगळी लिही. तारेपासून पुढची माझी." शेवटच्या तीन पानांवरची अक्षरं वेडीवाकडी आहेत, काही फुग्यांबाहेर गेलेली आहेत. पण वाचता येतात. मला विचाराल तर त्या अंकातली तीच वाचावीशी वाटतात.

डिसेंबरच्या सुरुवातीला कावासाकीची जत्रा होती. काकांनी जायला नकार दिला. त्यांनी एकच प्रत काढायला लावली आणि शनिवारी सकाळी अजितदादांच्या हातात दिली. हे मला वैशालीनं सांगितलं. अजितदादांनी ती जेवणाच्या टेबलावर बसून वाचली. दहा पानं वाचायला त्यांना पाऊण तास लागला. मग ते उठले आणि रेवाला घेऊन नदीकाठी गेले. संध्याकाळी परत आल्यावर वडिलांना औषध दिलं का एवढं वैशालीला विचारलं.

आठवडाभर ते काकांशी बोलले नाहीत. भांडण नव्हतं, आवाज चढला नव्हता. पाणी देत, औषध देत, काठी हातात देत. मी जायचे तेव्हा काका सोफ्याच्या टोकाला बसलेले असायचे आणि रेवा पलीकडे कॉमिक वाचत असायची. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "काही म्हणाला का तुमच्याकडे?" मी नाही म्हटलं.

मग एका सकाळी अजितदादा मला स्टेशनवर भेटले. मी तेव्हा बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, धरली होती. एका बेकरीत. ते कावासाकीच्या गाडीला निघाले होते. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"ती चित्रं तुम्ही काढलीत?"

"हो."

"आईचा चेहरा कुणी सांगितला?"

"कुणी नाही. मी अंदाजानं..."

"तिचं नाक असं नव्हतं," ते म्हणाले. "थोडं बसकं होतं. आणि उजव्या भुवईत एक खोक होती, विहिरीच्या कठड्यावर पडली होती लहानपणी." ते आपल्याच भुवईवर बोट फिरवत होते. गाडी आली, दारं उघडली, मिटली, गेली. ते चढले नाहीत. "त्यांना हे आठवत नाही," ते म्हणाले. "पोस्टमनच्या कोटाची बटणं आठवतात."

मी विचारलं, "मी परत काढू का तो चेहरा?"

"नको," अजितदादा म्हणाले. "त्यांच्या गोष्टीत ती अशीच असू दे." आणि पुढच्या गाडीनं ते ऑफिसला गेले.

त्यानंतर काका जपानला आले नाहीत. पुढच्या वर्षी अजितदादांनी व्हिसाचे कागद केले नाहीत, आणि काकांनी विचारलं नाही. दर रविवारी फोन मात्र व्हायचा. वैशाली सांगायची, पाच मिनिटांचा, हवापाण्याचा. दीड वर्षानं सांगलीच्या शेजाऱ्यांचा फोन आला, की काकांना दवाखान्यात हलवलंय. अजितदादा कावासाकीत मीटिंगमध्ये होते. निखिल त्याच खोलीत होता. तो सांगतो, त्यांनी फोन ऐकला, लॅपटॉप तसाच उघडा ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि तिथून थेट विमानतळावर गेले. घरी बॅग घ्यायलासुद्धा आले नाहीत. मिळेल त्या विमानानं, मग मुंबईहून गाडी करून सांगलीला पोचले, तेव्हा काकांना जाऊन चार तास झाले होते.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते डिसेंबरमधल्या त्या परतीच्या दिवशी. विमानतळाची बस स्टेशनसमोरून सुटायची. वैशाली त्यांना विमानात बसवून देणार होती. अजितदादांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. त्यांनी सामान बसच्या पोटात ठेवलं, काकांचा दंड धरून त्यांना पायऱ्या चढवलं, आत जाऊन त्यांचा पट्टा लावला आणि खाली उतरून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. थंडी खूप होती. काका खिडकीशी बसले होते, कानटोपी घालून, लहान झाल्यासारखे दिसत होते. पलीकडच्या सीटवर वैशाली.

बसचं इंजिन सुरू झालं, आणि तेव्हा काका काचेकडे झुकले आणि काहीतरी बोलायला लागले. एखादा शब्द नव्हे, चांगली दोन-तीन वाक्यं. ओठ हलताना स्पष्ट दिसत होते. अजितदादा दोन पावलं पुढे गेले, कानाशी हात नेला आणि मोठ्यानं म्हणाले, "काय?"

काका बोलत राहिले. बस हलली, वळली आणि सिग्नलपलीकडे गेली.

"काय म्हणाले, तुम्हाला कळलं?" अजितदादांनी मला विचारलं.

"नाही."

ते घड्याळ बघून स्टेशनकडे वळले. वैशाली शेजारीच बसली होती, तिनं सगळं ऐकलं असणार. त्यांनी तिला कधी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.